कॅरेक्टरला नाव काय ठेवता बे तुम्ही?

कडकभाकरी · शनिवार, रात्री १०:४०

मे महिना, सोलापूर, ४३ डिग्री. भाची सुट्टीला आलीय. दुपारी तिला बाहेर सोडायची सोय नाही, म्हणून माझा जुना लॅपटॉप दिला आणि त्यात एक गेम टाकून दिला. पाच मिनिटांत आतून हाक, "मामा, नाव काय ठेवू?"

गेमने नाव विचारलं होतं तिला. पण त्या रिकाम्या चौकटीसमोर वीस मिनिटं मीच बसलो. ती कंटाळून कलिंगड खायला निघून गेली.

माझं असं आहे की कॉलेजात असल्यापासून प्रत्येक गेममध्ये मी 'सिद्राम'. हे माझं पाळण्यातलं नाव. आजीने सिद्धेश्वराला नवस बोलला होता, तेव्हा बारशाला आत्याने कुर्रर्र करून कानात हेच सांगितलं. शाळेत घालायच्या वेळी वडिलांना ते जुनाट वाटलं आणि दाखल्यावर दुसरंच आलं. घरात फक्त आजी 'सिद्राम' म्हणायची. ती गेल्यावर ते नाव वापरात राहिलं ते गेममध्येच. तलवार घेतलेला सिद्राम, बुलेट चालवणारा सिद्राम, एकदा तर निळ्या कातडीचा शिंगवाला सिद्राम.

तुम्ही काय करता? स्वतःचं नाव? पोराबाळांचं? की जे आपोआप आलंय तेच ठेवून पुढे? आणि नाक-डोळे-केस ठरवण्यात किती वेळ घालवता तेही सांगा. मी स्कायरिममध्ये ४० मिनिटं घालवली होती. तो गेम सुरूच होतो तुम्हाला गाडीत घालून मारायला नेतात तिथून. यादी घेऊन उभा असलेला शिपाई विचारतो, तू कोण? आणि तिथे तुमचा चेहरा घडवायचा पडदा उघडतो. मान उडवायला माणूस तयार, आणि आपण निवांत भुवयांची जाडी बघतोय.

रेवण्या · शनिवार, रात्री १०:५८

दादा आमचं बीजीएमआयवर, म्हणजे आपल्याकडचं पब्जी. नाव साधं ठेवलं तर पोरं हसतेत. मग असल्या वाकड्यातिकड्या अक्षरात लिहायचं, दोन्ही बाजूला पंख, मधे मुकुट. माझ्या स्क्वाडमधे एक जण आहे त्याचं नावच दिसत नाही, नुसती मोकळी जागा. मरलं तर कोणी मारलं तेच कळत नाही बे.

नाव बदलायला रीनेम कार्ड लागतंय. एकदा लई भारी वाटलं म्हणून 'सोलापूरचाडॉन' अर्थाचं काहीतरी ठेवलं, आता कॉलेजात सगळे डॉन म्हणूनच हाक मारूलालेत. सरपण.

पार्कचौक · शनिवार, रात्री ११:३१

तुम्हा पोरांना नाव ठेवायला तरी मिळतं. आमच्या वेळी नाव ठेवायचा प्रश्नच नव्हता, तरी आम्ही ठेवायचोच.

नव्वदीत आमच्या गल्लीजवळ एक पार्लर होतं. पत्र्याचं शटर, आत चार मशीन, उदबत्ती आणि घामाचा वास. त्यातली एक मशीन म्हणजे 'मुस्तफा'. किती तरी वर्षं मला हे गेमचंच नाव वाटायचं. खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनॉसॉर्स, कॅपकॉमने १९९३ साली काढलेला. त्यात निवडायला चार जण होते, आणि पिवळी टोपीवाला त्या चौघांतला एक, मुस्तफा कैरो. पण तो सगळ्यात चपळ, लाथ जबरी, म्हणून जो तो त्यालाच घ्यायचा. होता होता आख्ख्या गेमचं नाव पुसलं आणि मुस्तफा उरला. हे फक्त सोलापुरात नाही हं. पुढे नोकरीनिमित्त नागपूर, इंदूर, हैदराबाद फिरलो, सगळीकडे त्याला मुस्तफाच म्हणतात. ज्या अमेरिकन कॉमिकवरून तो गेम केला त्याच्या चित्रकाराला हे कुणी सांगितलं असेल का देव जाणे.

बाकीच्या तिघांची नावं पडद्यावर यायची, पण इंग्रजी वाचतोय कोण. जाडा होता तो 'पैलवान'. बाई होती ती 'मॅडम'. चौथ्याला काही खास नाव नव्हतं, 'तो दुसरा'. मोठी पोरं मुस्तफा धरून बसली की आमच्यासारख्या लहानग्यांच्या वाट्याला तो दुसरा यायचा. अजून कुणी मला शेवटी उरलेलं काही दिलं की मनात तेच येतं.

कॉन्ट्राचंही तसंच. टीव्हीला जोडायच्या त्या डब्यावर निळा आणि लाल. निळ्याचं नाव बिल, लालचं लान्स, हे मला चाळिशीत कळलं. आमच्याकडे निळा मी आणि लाल माझा भाऊ. भांडण झालं की "लाल मेला तर मी जीव देणार नाही" अशी धमकी. माझ्या जीवातून त्याला जीव मिळायचा ना.

स्वतःचं नाव लिहायची एकच संधी, हायस्कोअर. तीन अक्षरं. ही तीन अक्षरांची चाल १९७९ च्या ॲस्टेरॉइड्सपासून जगभर रुळली. काठीने एकेक अक्षर फिरवत आणायचं, वर सेकंद पळतायत, मागून पोरं ढकलतायत. तीन अक्षरांत माझं नाव बसत नव्हतं, मग नाव-वडिलांचं नाव-आडनाव यांची आद्याक्षरं. शाळेच्या डब्यावर आईने खिळ्याने कोरली होती तीच. रात्री मशीन बंद केली की सगळं साफ. भारनियमन असेल तर रात्रीचीही वाट बघायला नको.

पेठेतला · रविवार, सकाळी ७:१२

नाव ठेवण्यात आम्हा पुणेकरांचा हात कोण धरणार. पण धाग्याचा विषय वेगळा दिसतोय.

कडकभाकरी · रविवार, सकाळी ९:०५

@पेठेतला, आलात! चहा घेणार की घेऊन आलात?

@पार्कचौक काका, 'तो दुसरा' वाचून खूप हसलो. मी घरात धाकटा.

अनुस्वार · रविवार, सकाळी ११:२०

मी गेमच्या मजकुराचं काम करतो, म्हणजे पडद्यावर दिसणारी अक्षरं नीट दिसतायत का ते बघणं. त्यामुळे 'सिद्राम' वाचल्यावर राहवलं नाही.

आधी जुनी गोष्ट. १९८६ चा जपानी ड्रॅगन क्वेस्ट. नायकाचं नाव चार अक्षरी. मेमरी महाग, शिवाय सेव्ह करायची सोयच नव्हती. खेळ थांबवताना तो वीस अक्षरांचा एक 'पुनरुज्जीवनाचा मंत्र' द्यायचा, तो वहीत उतरवून घ्यायचा आणि परत खेळताना जसाच्या तसा टाकायचा. तुमचं नावही त्या मंत्रातच दडलेलं असायचं. एक अक्षर चुकलं की खेळ संपला. आणि त्यात गंमत अशी की तुम्ही जे नाव द्याल त्यावरून नायकाची ताकद, चपळाई कशी वाढणार हे ठरायचं. पत्रिका बघून नाव ठेवल्यासारखंच की.

पुढच्या वर्षीच्या फायनल फँटसीतही चार अक्षरं. १९९६ च्या पोकेमॉनमध्ये जपानीत पाच, इंग्रजी आवृत्तीत सात. म्हणजे रोमनमध्ये सिद्राम बसतो, सहा अक्षरं. रेवणसिद्ध बसत नाही, अकरा होतात. @रेवण्या, तुझा रेवण्या का झाला ते कळलं.

आता देवनागरी. आपल्या डोळ्यांना 'सिद्राम' म्हणजे सि-द्रा-म, तीन अक्षरं. संगणकाला मात्र सात तुकडे: स, ऱ्हस्व वेलांटी, द, हलन्त, र, काना, म. 'ज्ञानेश्वर' दहा तुकडे. बरं, बऱ्याच ठिकाणी मर्यादा तुकड्यांवर नसते, बाइटवर असते, आणि देवनागरीचा एकेक तुकडा तीन बाइट खातो. रोमन अक्षराला एकच पुरतो. १६ बाइटची मर्यादा असेल तर इंग्रजी नाव सोळा अक्षरी चालेल आणि आपला सिद्राम पाचव्या तुकड्यावर कापला जाऊन 'सिद्र' होईल. पुढचा 'आम' सीमेपलीकडे.

हे झालं लांबीचं. दिसण्याचं आणखी वेगळं. ऱ्हस्व वेलांटी टंकायची अक्षरानंतर, पण दिसायची अक्षराच्या आधी. जोडाक्षरात दोन अक्षरं वितळून तिसरंच रूप येतं. ही जुळवाजुळव करणारा एक वेगळा भाग सॉफ्टवेअरमध्ये लागतो. गेम बनवायच्या अनेक साधनांत तो नसतो, कारण ती बनवणाऱ्यांना त्याची गरज कधी पडली नाही. मग वेलांटी चुकीच्या बाजूला, द चा पाय मोडलेला आणि र शेजारी उपरा उभा. फॉण्टच नसेल तर सरळ रिकामे चौकोन. मी एका कामात पडद्यावर 'किल्ला' शब्द असा मोडलेला बघितलाय की पुरातत्त्व खात्याला कळवावं वाटलं. माइनक्राफ्टने हा प्रश्नच ठेवला नाही: खात्याच्या नावात रोमन अक्षरं, आकडे आणि अधोरेषा, तीन ते सोळा. संपलं.

रेवण्याच्या मित्राचं न दिसणारं नाव हाही याच कारखान्यातला माल. कोरियन लिपीत एक 'भरणी'चं अक्षर आहे. संगणकाच्या लेखी ते अक्षर, त्यामुळे नाव रिकामं नाही म्हणून तो मान्य करतो. डोळ्याला काहीच नाही.

रेवण्या · रविवार, सकाळी ११:४४

मायला, कोरियन. मी त्याला सांगतो, तो स्वतःला हॅकर समजूलालाय.

मोगरा · रविवार, दुपारी ३:१५

बरेच महिने नुसती वाचक होते. पाळण्यातल्या नावावर मात्र लिहायलाच हवं.

माझं माहेर सोलापूर, जोडबसवण्णा चौकाजवळ. लग्न २००९ चं. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहिलं गेलं. मला आधी विचारलं होतं, मी "चालेल" म्हटलं होतं, कुणाची तक्रार नाही. नाव चांगलंच आहे. आधार, पॅन, बँक, मुलांच्या शाळेचे फॉर्म, सगळीकडे तेच. आई-बाबा आणि दोन मैत्रिणी सोडून जुन्या नावाने हाक मारणारं कुणी नाही.

मास इफेक्ट मी पहिल्यांदा खेळले ते बाळंतपणाच्या रजेत. बाळ झोपलं की आवाज बंद करून. त्यात आडनाव ठरलेलं असतं, शेपर्ड. पुढचं नाव तुम्ही द्यायचं, पुरुष की बाई ते तुम्ही ठरवायचं, चेहरा तुमचा. मी माहेरचं नाव टाकलं. संबंध गेमभर ते नाव कुणी उच्चारत नाही, सगळे 'कमांडर' नाहीतर 'शेपर्ड'. कारण उघड आहे. संवाद कलाकारांनी आधीच बोलून ठेवलेत, लाखो खेळणाऱ्यांची लाखो नावं कोण बोलणार? आडनाव बांधून घेतलं की काम भागतं. मला ते फार ओळखीचं वाटलं. आडनाव पक्कं, बाहेर सगळे त्यावरूनच ओळखणार, आणि पुढचं नाव तुझ्या तुझ्यापाशी. पण सेव्ह फाइल उघडली की तिथे ते दिसायचं, स्पष्ट.

नवऱ्याने एकदा मागून येऊन वाचलं. म्हणाला, "अरेच्चा." एवढंच. पण त्यानंतर कधीतरी, गर्दीत वगैरे, तो मला जुन्या नावाने हाक मारतो. कारण लवकर वळून बघते म्हणे.

नाव कुणी बोलायचं, या अडचणीतून लोकांनी बऱ्याच पळवाटा काढल्यात. फायनल फँटसी दहा, २००१ चा. त्या मालिकेत पहिल्यांदा पात्रं आवाजात बोलायला लागली, तरी नायकाचं नाव बदलायची मुभा ठेवली. मग काय, सगळ्या गेमभर कुणीही त्याला नावाने हाकच मारत नाही. आपल्या आज्ज्या नाही का, "अहो, ऐकलंत का" वर पन्नास वर्षं काढायच्या. सायबरपंकमध्ये नावच एका अक्षराचं, व्ही. आणि फॉलआउट चारमध्ये घरकाम करणाऱ्या यंत्रमानवाकडून नऊशेच्या वर नावं बोलून घेतली होती. तुमचं त्यात असेल तर तो खरंच नावाने हाक मारतो. माझं नव्हतं. नुसतं 'मॅम' म्हणाला.

कडकभाकरी · रविवार, दुपारी ३:४०

मोगराताई, काय लिहावं कळेना. "लवकर वळून बघते" हे बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, आता मला काय म्हणून हाक मारणार ते ठरव.

पार्कचौक · रविवार, दुपारी ४:०२

फुटबॉलच्या गेममध्येही हीच कथा. माझा मुलगा स्वतःचा खेळाडू बनवतो, त्यात नाव काहीही लिहा, पण समालोचकाच्या तोंडी कुठलं आडनाव हवं ते यादीतून निवडायचं. आमचं आडनाव त्या यादीत यायला अजून काही जन्म लागतील. एकच आडनाव साधं, चढत्या आवाजात, गोल झाल्यावर ओरडून, असं सगळं वेगवेगळं बोलून ठेवावं लागतं म्हणे. मुलाने जवळपास जाणारं एक इटालियन आडनाव घेतलंय. गोल झाला की घरात आम्ही सगळे इटालियन.

क्रिकेटचं उलट होतं. ईएचा क्रिकेट ०७ आठवतो? इंग्लंड-ऑस्ट्रेलियाच्या खेळाडूंची नावं खरी, कारण परवाने तेवढेच. आपल्या टीमची नावं मोडतोड केलेली. सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून पहिली पंधरा मिनिटं आम्ही नावं दुरुस्त करायचो. पुढचा गिऱ्हाईक बसला की कॅफेवाला मशीन पुसून टाकायचा आणि दुसऱ्या दिवशी परत श्रीगणेशा. देशसेवा.

रेवण्या · रविवार, संध्याकाळी ६:२०

माझ्या मित्राचं नाव हर्षित. एका गेममधे स्वतःचं खरं नाव टाकूलालाय तर गेम म्हणतंय असभ्य शब्द वापरू नका. रोमनमधे लिहिल्यावर शेवटची चार अक्षरं बघा. त्याच्या आईने किती हौसेने ठेवलं असेल. तो आता 'हर्ष' नावाने खेळतोय, आणि गणिताच्या दीक्षित सरांना आम्ही हा गेम खेळू नका म्हणून सांगणार आहे.

अनुस्वार · रविवार, संध्याकाळी ६:३५

@रेवण्या, हे फक्त आपल्यावरच नाही येत. डार्क सोल्स हा सरळसरळ सरदार-शिलेदारांचा गेम. त्यात 'नाईट' (knight, म्हणजे शिलेदार) हा शब्द नावात टाकला की मधल्या तीन अक्षरांवर फुल्या यायच्या, कारण तेवढ्याच तीन अक्षरांनी इंग्रजीत एक वर्णद्वेषी शिवी सुरू होते. शिलेदारांच्या गेममध्ये शिलेदार म्हणायला बंदी. चाळणी शब्द बघत नाही, अक्षरांची ओळ बघते.

आणि उलट बाजूने देवनागरीत लिहिलेल्या अस्सल गावरान शिव्या कित्येक ठिकाणी आरामात पार होतात. हे मी कामाचा भाग म्हणून तपासलंय. पगारी.

पेठेतला · रविवार, रात्री ११:५०

सकाळी विनोद करून गेलो होतो. मोगरा यांचा प्रतिसाद वाचून परत आलो.

एक्सकॉम नावाचा गेम आहे, २०१२ चा. परग्रहवासीयांशी लढायला सैनिकांची तुकडी. प्रत्येक सैनिकाला नाव, आडनाव, टोपणनाव, चेहरा, केस सगळं बदलता येतं. मेला की मेला, परत येत नाही. तळावर एक स्मारकाची भिंत असते, तिथे त्याचं नाव लागतं.

मी सगळी तुकडी ओळखीच्या माणसांची केली होती. ऑफिसातला साहेब, वाड्यातले शेजारी, कॉलेजचे मित्र. साहेबांना मुद्दाम पुढे धाडायचो, ते काही मरेनात, बढतीवर बढती. अगदी प्रत्यक्षासारखं. आणि हौस म्हणून एका सैनिक बाईला आईचं नाव दिलं. केस पांढरे, अंबाडा नव्हता म्हणून जवळात जवळचं काहीतरी. टोपणनाव 'माई'. वयाच्या सत्तराव्या वर्षी हातात बंदूक.

तिला मी नेहमी मागे ठेवायचो. भिंतीआड. त्यामुळे तिला अनुभवच मिळेना, बाकीचे तरबेज झाले आणि ती नवखीच राहिली. एका मोहिमेत दुसरं कुणी उरलं नव्हतं, तिला पुढे न्यावं लागलं आणि पहिल्याच फटक्यात गेली. रात्रीचा एक वाजला होता. आई पलीकडच्या खोलीत झोपलेली, मी उठून बघून आलो. पंखा चालू होता, घोरत होती. मग येऊन जुना सेव्ह उघडला आणि ती मोहीम परत खेळलो. नियमाविरुद्ध आहे, मान्य आहे. साहेब कामी आले त्यात.

पोकेमॉन खेळणाऱ्यांत 'नझलॉक' म्हणून स्वतःवर घालून घ्यायचे नियम आहेत. त्यात एक असा, की पकडलेल्या प्रत्येक प्राण्याला नाव द्यायचंच. दुसरा, बेशुद्ध पडला तो मेला असं समजायचं. नाव दिलं की त्याला घालवताना त्रास होतो, म्हणून ती सक्ती. ज्याने हे काढलं त्याला माणसं कळत होती.

मोगरा · सोमवार, सकाळी ८:३०

साहेब कामी आले! 😄

पेठेतले, आईला सांगितलंत का कधी?

पेठेतला · सोमवार, सकाळी ८:४१

सांगितलं. "मला बंदूक कशाला, लाटणं द्यायचं" म्हणाली.

मोगरा · सोमवार, सकाळी ८:५५

तर आईच्या हातच्या खाण्यावरून आठवलं: मदर दोन, जपानबाहेर त्याला अर्थबाउंड म्हणतात, तो सुरुवातीला चौघांची नावं विचारतो, कुत्र्याचं विचारतो, आणि मग विचारतो, तुझा घरचा आवडता पदार्थ कोणता? जेव्हा जेव्हा घरी परत याल तेव्हा आई तोच करून वाढते. मी 'शेंगा' लिहिलं, चटणीला जागा पुरणार नाही म्हणून. त्यानंतर किती तरी तास तो अमेरिकन पोरगा राक्षस मारून दमून घरी यायचा आणि त्याची सोनेरी केसांची आई त्याला शेंगा खाऊ घालायची.

खेळात बऱ्याच पुढे तो अचानक तुमचं स्वतःचं नाव विचारतो, पात्राचं नाही, हातात कंट्रोलर धरलेल्याचं. आणि ते शेवटच्या लढाईसाठी जपून ठेवतो. पुढचं सांगत नाही.

जकार्ड · सोमवार, दुपारी १:१०

इथे सगळे नावावर बोलतायत. आमच्या घरी भांडण रूपावरून चाललंय, ते सांगतो.

आम्ही साखर पेठेतले, पद्मशाली. घरात तेलुगू, दारात मराठी. माझे वडील चादरीच्या कारखान्यात डिझाइन काढायचे. आताची पोरं कॉम्प्युटरवर करतात, ते ग्राफ पेपरवर करायचे. ताणा आणि बाणा जिथे एकमेकांना छेदतात तो एकेक खाना. धागा वर उचलायचा असेल तर खाना भरायचा, नाहीतर मोकळा. त्यावरून पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पडायची. भोक असेल तिथे आकडा धागा उचलणार. मोर, वेल, फुलं, चौकटी, सगळं हे एवढ्याशा खान्यांतून. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, डोळ्याला जाड भिंगाचा चष्मा, पण हात स्वस्थ बसत नाही.

मुलगी बारा वर्षांची, माइनक्राफ्ट खेळते. त्यात आपल्या माणसाचं रूप म्हणजे ६४ गुणिले ६४ खान्यांचं एक सपाट चित्र. ते घडी घालून त्याच्या अंगावर चढवतात, कागदाचा डबा करतात तसं. डोकं आठ खाने रुंद, आठ उंच. अंग पुढून आठ, बाजूने चार, उंची बारा. मुलीच्या मनात आलं, आपल्या माणसाला सोलापुरी चादरीचा अंगरखा करायचा. नाव तिने खात्याला आधीच काहीतरी भलतंच ठेवलंय, ते मला उच्चारताही येत नाही. पण रूप आपलं पाहिजे म्हणाली.

तिने काढलं. लाल, पांढरं, काळं. पाच-पाच खान्यांची बुट्टी. समोरून छान. बाजूला वळवलं की बुट्टी अर्धी तुटलेली. तास दीड तास झटली, मग रडवेली होऊन आजोबांकडे गेली. "ताता, हे जुळत नाही."

त्यांनी चष्मा वर-खाली केला. पडद्याला बोट लावून खाने मोजले. पुढे आठ, कडेला चार, मागे आठ, परत कडेला चार. म्हणाले, चोवीस. चोवीसात पाचाचं रिपीट कसं बसेल? चार खाने उरणारच, तिथे तुटणार. आठाचं घे, तीनदा बसेल. सहाचं घे, चारदा.

मला सतरा वर्षं आयटीत झाली. हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

मग बसले ना ते. ट्रंकेतून जुना ग्राफ पेपर काढला, कडा पिवळ्या पडलेल्या. हात मोजायला लावले. हात चार रुंद, चार जाड, म्हणजे भोवती सोळा. पायही सोळा. अंग चोवीस. डोकं बत्तीस. "आठाचं सगळीकडे बसतं," म्हणाले आणि जे हसले. हा गेम ज्याने केला त्याला विणकाम येत असणार असं त्यांचं मत झालंय. मी खोडलं नाही.

अनुस्वार · सोमवार, दुपारी १:२६

खोडू नका. आमच्या धंद्यात याच चुकीला आम्ही 'शिवण दिसतेय' म्हणतो आणि ती सुधारायला महागडी सॉफ्टवेअर घेतो.

चेहऱ्याच्या पट्ट्या सरकवून तास घालवणाऱ्यांसाठी एक टीप, अनुभवाची: गेममधल्या त्या आरशासमोरच्या उजेडात सगळे रंग खोटे असतात. मी सावळा रंग अगदी मोजून माझ्यासारखा केला होता. बाहेर उन्हात आलो तर वांग्यासारखा. आणि दहा मिनिटांनी डोक्यावर आख्खा चेहरा झाकणारं शिरस्त्राण मिळालं, त्याची ताकद जास्त म्हणून ते काढलंच नाही.

रेवण्या · सोमवार, दुपारी २:०५

जकार्ड काका ती स्किन टाका की बे इकडे. आमच्या पोरांना पण पाहिजे. चादरीचा अंगरखा घालून हाणामारी, लई नाद.

कडकभाकरी · सोमवार, दुपारी २:३०

भाचीने शेवटी नाव ठेवलंच नाही, हे सांगायचं राहिलं. चौकटीत जे आपोआप आलं होतं तेच दाबून ती पुढे गेली आणि आता तिसऱ्या टप्प्यावर आहे. मी 'सिद्राम ठेव' म्हटलं तर म्हणाली, "ते तुझं आहे ना?"

जकार्ड, अंगरखा कुठवर आला? तिलाही दाखवतो.

जकार्ड · सोमवार, रात्री ९:४५

अंग झालं, मागची बाजूसुद्धा जुळली. मानेला काठ घेतलाय दोन खान्यांचा. रेवण्या, पूर्ण झालं की टाकतो, पण मुलीची परवानगी लागेल, ती म्हणते पहिल्यांदा फक्त मी घालणार.

अडलंय ते हातांवर. माइनक्राफ्टमध्ये आयती दोन माणसं येतात, स्टीव्ह आणि ॲलेक्स. तिला स्टीव्हसारखे चार खान्यांचे जाड हात नकोत, ॲलेक्ससारखे बारीक हवेत. ते तीन खाने रुंद, चार जाड. भोवती चौदा. वडील म्हणाले, चौदाला आठ नाही जात, जाड हात घे. ती म्हणाली, माझे हात असे नाहीत. अर्धा तास तेलुगूतून युद्ध. आई मधे पडली तर दोघांनी मिळून तिला गप्प केलं.

आत्ता तोडगा निघालाय. बाह्यांना बुट्टी नाही, नुसते आडवे पट्टे, ते कितीही खाने असले तरी तुटत नाहीत. वडील ग्राफवर पट्ट्यांची रुंदी आखतायत, ती शेजारी बसून रंग सांगतेय. पाय उद्या.